कापलेल्या कांठाची कथा



अंगांतील सदरा काढून उलटा करून पाहा, असें मीं आतांच सांगितलें तर तें शिष्टाचारास सोडून होईल. परंतु हें भाषण संपल्यावर खुंटीवरचा एखादा तयार सदरा, मुलाची विजार किंवा मुलीचा फ्रॉक घ्या आणि त्याची आंतली बाजू दिव्याजवळ धरा. जेथें दोन तुकडे जोडले आहेत, तेथें कडेकडेनें तीन-चार दोऱ्यांची एक नाजूक जाळी गेलेली दिसेल. कडेवरून इकडून तिकडे वळसे घेत ती जाते, आणि तिच्या आंत कापडाचा कापलेला कांठ असा बंदिस्त झालेला असतो कीं, एकहि सूत बाहेर डोकावत नाहीं. ही जाळी घालणाऱ्या यंत्रास कारखान्यांत ओव्हरलॉक म्हणतात, अमेरिकेंतील गृहिणी त्यास सर्जर म्हणतात, आणि आमच्या पेठेंतील शिंपी इंटरलॉक म्हणतात. हें तिसरें नांव यंत्रशास्त्रास धरून नाहीं, कारण इंटरलॉक हें एका जातीच्या कापडाचें नांव आहे. परंतु रूढ झालेल्या शब्दाशीं भांडून कोणी जिंकल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. व्याकरणाच्या तासालाहि नाहीं.

मीं आयुष्यभर मुलांना लढाया आणि तह शिकविले. या यंत्राचा इतिहास माझ्या हातीं आलेल्या कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत नव्हता. तरी आज तोच सांगण्याचें मीं योजिलें आहे. कारण या यंत्रानें आपल्या घरांत एक गोष्ट आणली आणि एक गोष्ट नेली. आणलेली गोष्ट डोळ्यांना दिसते. नेलेल्या गोष्टीची नोंद मात्र कोणी ठेवल्याचें दिसत नाहीं.

आपल्याकडे वस्त्राचा कांठ हा मुळांत विणकराचा प्रांत होता, शिंप्याचा नव्हे. मागावर उभा ताणा लावलेला असतो. बाण्याचा धोटा एका बाजूकडून दुसरीकडे जातो आणि परत फिरतांना कडेच्या सुतास वळसा घालतो. त्या वळशामुळें कांठ आपोआप बंद होतो. धोतर, उपरणें, लुगडें, पागोटें हीं सर्व वस्त्रें अशीं मागावरूनच पुरीं होऊन उतरत. राहतां राहिलीं दोन टोकें. तेथें ताण्याचीं सुतें मोकळीं सुटत, त्यांस संस्कृतांत आणि मराठींतहि दशा म्हणतात. त्या दशांना पीळ देऊन गांठी मारल्या कीं त्यांचेच गोंडे होत. म्हणजे जें उसवण्याचें भय, त्याचीच शोभा केली. सुईचा त्यांत कांहींच संबंध नव्हता.

कात्री चालली कीं हा सारा बंदोबस्त मोडतो. बाही, गळा, खांदा, काख बेततांना कापडाचें प्रत्येक आडवें सूत मध्येंच तुटतें, आणि त्याला माघारीं वळविणारा वळसा उरत नाहीं. प्रत्येक धुण्यास दोन सुतें निसटतात. निसटतां निसटतां तीं शिवणीपर्यंत पोंचतात आणि एके दिवशीं काखेंत हात जाईल एवढें भोंक पडतें. म्हणून शिवलेल्या कपड्याचा इतिहास जितका तुकडे जोडण्याचा आहे, तितकाच कडा झांकण्याचा आहे. कड दोनदां दुमडून हेम घालावी, कडेवरून तिरपे टांके घालावे, काजाच्या टांक्यानें ती बांधावी, दोन कडा एकमेकींत मुडपून दुहेरी शिवण घालावी, नाहींतर वेगळ्या कापडाची गोट लावावी, असे अनेक उपाय माणसानें काढले. सगळे हाताचे, सगळे वेळखाऊ आणि सगळे आंतल्या बाजूचे. म्हणजे ज्यांची कोणी तारीफ करणार नाहीं असे.

माझी आई हें सर्व हातानें करी. घरांत पायांनीं चालवावयाचें शिवणयंत्र आलें, तरी कडेचें काम हातालाच राहिलें, कारण यंत्रास तें येत नव्हतें. दुपारीं उंबऱ्याशीं उजेडांत बसून, बोटांत अंगुस्तान घालून ती एकेक कड मुडपीत असे. तिचें आणखी एक व्रत होतें. कोणताहि कपडा बेततांना शिवणीच्या आंत ती बोटभर कापड जास्त ठेवी. या जास्तीच्या कापडास शिंपी लोक 'माया' म्हणतात. हा शब्द ज्यानें प्रथम योजिला तो शिंपी मुलाबाळांचा धनी असला पाहिजे, असें मला नेहमीं वाटत आलें आहे. माया ठेवलेली शिवण पुढच्या वर्षीं उसवून कपडा रुंद करतां येतो, आणि खालची घडी सोडून तो लांब करतां येतो. आमच्या घरीं हा विधि दरवर्षीं मे महिन्याच्या अखेरीस होई. उसवलेल्या घडीच्या जागीं कापडाचा मूळ रंग ताजा राहिलेला असे, त्यामुळें विटलेल्या खाकी विजारीच्या खालीं दोन बोटें गडद पट्टा दिसे.

पुढें मी शिक्षक झालों. जून महिन्यांतील शाळेच्या पहिल्या दिवशीं हे पट्टे पाहिले कीं कोण किती वाढला तें मला हजेरी घेतां घेतांच कळे. एका मुलीच्या निळ्या परकराला असे तीन पट्टे होते, झाडाच्या खोडांतील वलयांसारखे. ते मीं मोजले, हें तिच्या लक्षांत आलें आणि ती ओशाळली. त्यानंतर मीं उघडपणें मोजण्याचें सोडलें.

असो. आतां यंत्राकडे वळूं.

साध्या शिवणयंत्राची हकीकत बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असते, म्हणून ती थोडक्यांत उरकतों. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्यानें १८३० सालीं साखळी टांक्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें आणि पॅरिसमध्यें लष्कराचे गणवेश शिवण्याचा कारखाना उघडला. आपली भाकरी जाणार या भीतीनें इतर शिंप्यांनीं १८३१ सालीं तीं यंत्रें फोडलीं. तिमोनिए पुढें दारिद्र्यांत वारला. अमेरिकेंत एलियास हौ याचें पेटंट १८४६ चें, आयझॅक सिंगर याचें १८५१ चें. त्यांचे आपसांतील खटले हा एक स्वतंत्र विषय आहे. आपल्या कामापुरतें एवढेंच ध्यानांत ठेवावयाचें कीं, या साऱ्या यंत्रांना तुकडे जोडतां येत होते, कापलेली कड झांकतां येत नव्हती. शिवण झपाट्यानें होऊं लागली, आणि तितक्याच झपाट्यानें उघड्या कडांचा ढीग हातशिलाई करणाऱ्या बायकांपुढें पडूं लागला. यंत्रानें अर्धें काम उचललें कीं उरलेलें अर्धें दुप्पट होतें, हा अनुभव पुष्कळ धंद्यांना आलेला आहे.

ही अडचण सोडविणारें यंत्र ज्या घराण्यांतून आलें, त्यास शिंपीकामाची परंपरा मुळींच नव्हती. अमेरिकेच्या ईशान्येस कनेक्टिकट नांवाचें लहानसें राज्य आहे. तेथें मॅन्सफील्ड गांवीं मेरो घराण्याचा बंदुकीची दारू करण्याचा कारखाना होता. तो स्फोटांत उडाला. तेव्हां त्याच मंडळींनीं १८३८ च्या सुमारास होजियरीची, म्हणजे सुयांवर फांसे गुंफून केलेल्या कापडाची गिरणी काढली. दारूच्या कोठाराकडून गंजीफ्राकांकडे असें हें स्थित्यंतर मला तरी मोठें शहाणपणाचें वाटतें.

आतां या होजियरीच्या कापडाची एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे. मागावरच्या कापडाचें सूत सुटलें तर एकेकच सुटतें. गुंफलेल्या कापडांत एक फांसा सुटला कीं त्याच्या पाठचा सुटतो, त्याच्या पाठचा सुटतो, आणि शिडीसारखी फट वर चढत जाते. शिवाय तें कापड ताणतें. साध्या यंत्राची सरळ टीप त्याबरोबर ताणत नाहीं, म्हणून सदरा डोक्यांतून घालतांना ती तटकन तुटते. कड दुमडून हेम घालावी तर त्या जाड कापडाची गाठोडीं होऊन अंगाला टोंचतात. म्हणून अशा कपड्यांच्या गळ्याबाह्यांच्या कडा हातानें क्रोशाचा टांका घालून बांधण्याची चाल होती. क्रोशाचा टांका फांशांचाच असतो, म्हणून तो कापडाबरोबर ताणतो. आणि दिसतोहि छान.

मेरो मंडळींनीं हाच टांका यंत्रावर आणण्याचा ध्यास घेतला. त्यांचें पहिलें पेटंट क्रोशाची कड घालणाऱ्या यंत्राचेंच आहे. कड सुरक्षित व्हावी हा हेतु तर होताच, पण नक्कल करावयाची होती ती बायकांच्या हातच्या शोभेच्या कामाची. त्या यंत्रावर सुधारणा होत होत जोसेफ मेरो यानें १८८९ सालीं ओव्हरलॉक यंत्राचें पेटंट मिळविलें. त्याच्या दोन वर्षें आधीं, १८८७ सालीं, गिरणी आगींत जळाली होती. मग घराण्यानें कापड करण्याचा नाद सोडला आणि केवळ यंत्रें करण्याचा धंदा धरला. एकदां स्फोट, एकदां आग. परंतु दोन्ही वेळां राखेंतून जें निघालें तें आधींच्यापेक्षां अधिक टिकाऊ ठरलें. या नांवाची कंपनी अमेरिकेंत अजून आहे आणि त्या मूळ घडणीवर आधारलेलीं क्रोशाचीं यंत्रें अजून करते.

म्हणजे पाहा, आज सदऱ्याच्या आंत लपून बसलेला हा टांका जन्मतः लपण्यासाठीं नव्हता. तो बाहेरच्या कडेवर मिरविण्यासाठीं होता. घरांतल्या सुनेनें रांगोळी घालावयास यावें आणि सासरच्यांनीं तिला स्वयंपाकघरांत कोंडावें, तसें त्याचें झालें.

तो टांका पडतो कसा, हें पाहण्यासाठीं मी एकदां शिंप्याच्या दुकानांत तासभर बसलों. साध्या यंत्रांत सुईचा दोरा वरून येतो, बॉबिनचा दोरा खालून येतो, आणि दोघे कापडाच्या पोटांत एकमेकांस अडकतात. ओव्हरलॉकमध्यें बॉबिन नाहीं. सुई एक किंवा दोन; आणि तिच्या जोडीस दोन वांकडे पोलादी हात, त्यांस लूपर म्हणतात. सुई कापडांतून खालीं उतरली कीं खालचा लूपर तिच्या दोऱ्याच्या फांशांत शिरतो आणि आपला दोरा घेऊन कडेच्या बाहेर येतो. तेथें वरचा लूपर त्याचा फांसा उचलतो, कडेवरून वर चढतो आणि आपला फांसा सुईच्या वाटेंत नेऊन धरतो. सुई त्या फांशांतून खालीं उतरते, आणि पुन्हां तेंच चक्र. हीं सर्व कामें डोळा लवण्याच्या आंत होतात. कारखान्यांतील यंत्र मिनिटाला सहा-सात हजार टांके घालतें. दुकानदारानें माझ्यासाठीं चाक हातानें हळूहळू फिरविलें, तेव्हां कोठें मला कळलें. क्रोशा करणाऱ्या बाईच्या दोन हातांची ती हुबेहूब चाल होती.

सुईच्या जरा अलीकडे दोन पातीं असतात, एक स्थिर आणि एक वरखालीं होणारें. टांका पडण्यापूर्वींच तीं कड सारखी कापून टाकतात. म्हणजे कापणें, जोडणें आणि झांकणें हीं तीन कामें एका धांवेंत उरकतात. या पात्यांकडे आपल्याला भाषणाच्या अखेरीस परत यावयाचें आहे.

ज्या टांक्याकडे आपण कधीं पाहिलेंहि नसेल, त्याच्या मालकीवरून अमेरिकेंत खटला झाला. विलकॉक्स आणि गिब्ज ही शिवणयंत्रांची एक जुनी पेढी. तिच्यांतील जेम्स गिब्ज हा व्हर्जिनियाचा शेतकरी. त्यानें १८५७ सालीं साखळी टांक्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें होतें. ओव्हरलॉक हें नांव व्यापारांत रूढ झालें तेंहि याच पेढीमुळें. मूळ क्रोशा टांक्याच्या हक्कावरून तिचा व मेरोचा वाद होऊन १९०५ सालीं निकाल मेरोच्या बाजूनें लागला. न्यायालयाला पेटंटाचा प्रश्न सोडवावयाचा होता, तो त्यानें सोडविला. परंतु ज्या बायकांच्या बोटांवरून तो टांका उचलला गेला, त्यांपैकीं कोणी वादी नव्हती आणि प्रतिवादीहि नव्हती. हातची कला यंत्रांत उतरली कीं तिला मालक मिळतो, हें मीं यापूर्वीं शालेय इतिहासांत गिरण्यांच्या प्रकरणांत शिकविलें होतें. कडेच्या टांक्याच्या बाबतींत तें तितकेंच खरें आहे.

विसाव्या शतकांत तयार कपड्यांचा धंदा वाढला, तसा हा टांका सर्वत्र पसरला. आपल्या गंजीफ्राकाचीच गोष्ट घ्या. हा शब्द गर्न्सी नांवाच्या बेटावरच्या खलाशांच्या विणीच्या सदऱ्यावरून आला असें मानतात. तो स्वस्तांत सर्वांच्या अंगीं पोंचला यांत सूत गुंफणाऱ्या यंत्रांइतकाच कड बांधणाऱ्या यंत्राचाहि वांटा आहे. आज यंत्रशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारींत टांक्यांना क्रमांक दिलेले आहेत. साध्या यंत्राची टीप ३०१ क्रमांकाची आणि तीन दोऱ्यांचा ओव्हरलॉक ५०४ क्रमांकाचा. पूर्वीं घराघरांत टांक्यांना नांवें होतीं, आतां कारखान्यांत क्रमांक आहेत, एवढी नोंद करून पुढें जातों.

या टांक्याची शोभेची बाजू मात्र मेली नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत जपानांत घरगुती वापराचें लहान ओव्हरलॉक यंत्र निघालें. 'बेबी लॉक' या नांवानें तें अमेरिकेंतहि गेलें. तोंपर्यंत कारखान्यांत डांबलेला टांका घरांतल्या टेबलावर आला, आणि ज्या बायकांनीं तो घरीं आणला त्यांनीं थोड्याच दिवसांत त्यास पुन्हां कपड्याच्या बाहेरच्या बाजूस बसविलें. यांत त्यांना यंत्राच्या एका गुणाचा उपयोग झाला. सुईचा दोरा कापडांतून आरपार जातो, म्हणून तो बारीकच असावा लागतो. लूपरचा दोरा कापडांत कधींच शिरत नाहीं, तो नुसता कडेवर पसरतो. म्हणून लूपरच्या मोठ्या भोंकांतून भरतकामाचा जाड रेशीमदोरा, लोकरीसारखा फुगणारा नायलॉनचा दोरा किंवा जरीचा दोरा ओंवतां येतो, आणि शालीच्या कडेवर हातभर अंतरावरून दिसेल अशी भरीव किनार उठते.

दुसरी गंमत कडेच्या गुंडाळीची. टांका पडतांना दोरे एका बारीक पोलादी जिभेभोंवतीं वेढले जातात आणि मग तिच्यावरून घसरून कडेवर बसतात. ही जीभ रुंद असली तर कड सपाट राहते. ती अरुंद करून खालच्या लूपरचा दोरा आंवळला कीं पातळ कापडाची कड स्वतःभोंवतीं गुंडाळली जाऊन दोरीसारखी गोल होते. रुमाल, ओढण्या, मुलींच्या फ्रॉकाच्या झालरी यांच्या कडा अशाच असतात. हातानें ही गुंडाळी करावयाची म्हणजे ओल्या बोटांनीं कड वळीत वळीत जावें लागे. रुमालाच्या चार बाजूंना अख्खी दुपार जाई.

तिसरी गोष्ट कापड पुढें सरकविणाऱ्या दांतांची. या यंत्रांत दांतांच्या दोन पट्ट्या असतात, एक पुढची आणि एक मागची, आणि दोहोंची गति वेगवेगळी ठेवतां येते. पुढची जलद केली तर कापड चुण्या घेतें. मागची जलद केली तर कड ताणली जाऊन लाटा घेते, कोबीच्या पानाच्या कडेसारख्या. होजियरीचें कापड मूळचें ताणणारें, म्हणून त्यावर या लाटा फार मोहक उठतात. आणि टांक्याचा ताण सैल ठेवून, दोन तुकडे जोडून मग ते ओढून उलगडले, तर शिवण सपाट पडून एका बाजूस पायऱ्यांची शिडी व दुसऱ्या बाजूस फांशांची पट्टी दिसते. जोडणें आणि नक्षी हीं दोन कामें तेथें एकच होतात. शाळेंतील बालवीरांच्या बाहीवरचे कापडी बिल्ले पुष्कळांनीं पाहिले असतील. त्यांच्या भोंवतींची जाड गोल किनारहि याच कुळांतील आहे, आणि अमेरिकेंत तिला अजून मेरो या नांवावरूनच ओळखतात.

आपल्याकडे नव्या साडीला पदराच्या व आंतल्या टोकाला पिको करून घेण्याची पद्धत आहे. तें काम बहुधा नागमोडी टांक्याच्या वेगळ्या यंत्रावर होतें, परंतु त्याचें प्रयोजन तेंच. गिरणीची साडी ताग्यांतून कापून निघते, म्हणून तिच्या टोकांस बंदोबस्त लागतो. आजीच्या लुगड्याच्या दशांना जी गांठ पुरे होती, तिच्या जागीं आज पिको आहे. ओव्हरलॉक यंत्र मात्र पेठेंतल्या सगळ्याच शिंप्यांकडे नसतें. ज्याच्याकडे तें असतें, त्याच्याकडे बाकीचे शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे पाठवितात. त्याचें यंत्र दिवसभर घरघरत असतें आणि त्याच्या पायांशीं रंगीबेरंगी चिंध्यांच्या बारीक पट्ट्यांचा ढीग सांठत असतो.

त्या ढिगाकडे पाहूनच मला प्रथम कळलें कीं आपलें काय गेलें. त्या पट्ट्या म्हणजेच माया. यंत्राचीं पातीं ती कापून खालीं पाडीत होतीं.

शिवणीच्या आंत बोटभर कापड राखावें, तर तें मागें दुमडून पडतें, बोजड दिसतें, आणि त्याची कड वेगळी झांकावी लागते. यंत्राच्या एका धांवेंत काम उरकावयाचें तर जोडाच्या पलीकडचें कापड कापून टाकणें हाच सोपा मार्ग. मग शिवणीच्या आंत उरतो तो टांक्याच्या रुंदीएवढा, पाव इंचाचा कांठ. तो नेटका असतो, उसवत नाहीं, टोंचत नाहीं, आणि पुढच्या वर्षीं एक सूतभरहि सैल होत नाहीं. खालची घडीहि तशीच जाते. गुंडाळलेल्या कडेंत सोडावयास घडीच नसते. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत जूनच्या पहिल्या दिवशीं मला बाकांवर पट्टे दिसेनासे झाले. मुलें एकतर नव्या कपड्यांत असत, नाहींतर मनगटें व घोटे उघडे टाकणाऱ्या जुन्या कपड्यांत. सोलापुरांत आज शाळांचे गणवेश शिवण्याचा धंदा फार मोठा आहे, हजारों हातांना त्यांत काम आहे, आणि स्वस्त व नीट गणवेश मिळूं लागल्यानें गरिबांच्या मुलांचें भलेंहि झालें आहे. तें मी नाकारीत नाहीं. परंतु नवा गणवेश घेणें ज्याला दरसाल परवडत नाहीं, त्याच्या घरची मे महिन्यांतली तोड या पाव इंचानें काढून घेतली.

एके वर्षीं आमच्या वर्गांतली एक मुलगी ऑगस्ट महिन्यापासून शाळेंत येईनाशी झाली. चौकशीस गेलों तेव्हां तिच्या आईनें दुकानांतून आणलेला गणवेश माझ्यापुढें उलटा करून धरला. "गुरुजी, काखेंत दाटतो म्हणून उसवायला घेतला, तर आंत कांहीं ठेवलेलंच नाहीं," ती म्हणाली. मीं त्या वेळेस शाळेच्या मदतनिधींतून दुसऱ्या गणवेशाची सोय केली. पण तें "ठेवलेलंच नाहीं" माझ्या कानांतून जाईना.

सेवानिवृत्तीनंतर आमच्या शेजारीं शिवणकाम करणाऱ्या एक ताई राहावयास आल्या. त्यांच्याकडे घरगुती ओव्हरलॉक यंत्र आहे. गतवर्षीं नातीचा परकर शिवावयास टाकण्यासाठीं मी त्यांच्याकडे गेलों आणि या यंत्राविषयींचें माझें गाऱ्हाणें बरेंच लांबण लावून त्यांना ऐकविलें. त्यांनीं तें हात न थांबवितां ऐकून घेतलें.

"गुरुजी, यांत मशीनचा काय दोष?" त्या म्हणाल्या. "हें बघा." त्यांनीं परकराचे कापलेले तुकडे उचलले, प्रत्येकाच्या कडेवरून यंत्र सुटें सुटें फिरविलें, पातें कडेला जेमतेम शिवलें असेल, सूतभर धागे खालीं पडले. मग ते दोन तुकडे साध्या यंत्रावर घेऊन कडेपासून पुरा एक इंच आंत टीप मारली आणि शिवण उलगडून इस्त्री फिरविली. दोन्ही बाजूंस इंचभर माया, आणि दोन्ही कडा बांधलेल्या.

"मग कारखानेवाले असें कां करीत नाहींत?" मीं विचारलें.

"एका शिवणीला तीनदां मशीन फिरवायचं आणि वर कापड जास्त. त्यांना परवडेल होय?"

नंतर त्यांनीं खालच्या घडीसाठीं टेप हातांत घेतला आणि नातीचें वय विचारलें. मीं सात सांगितलें.

"सात? मग चार बोटं नकोत, सहा ठेवूं," असें म्हणून त्यांनीं खडूनें रेघ ओढली.